हापूसचा पिवळा

रविवार, २३ मार्च

समुद्र एका बाजूला सांडेल म्हणे! आणि सगळे हसले.

मी तोंड उघडू शकत नव्हते, कारण नियम. आमच्या फोटो मंडळात (आमच्या म्हणजे, मला जायला लागून जेमतेम महिना झालाय) ज्याचा फोटो पडद्यावर असेल त्याने गप्प बसायचं. बाकीच्यांनी बोलायचं — काय आवडलं, काय खटकलं, काय करता येईल. आणि सगळ्यात नवा असेल त्याने सगळ्यात आधी. नाहीतर मोठी माणसं बोलून गेली की नवी माणसं त्यांचीच री ओढतात. हा नियम गोपाळकृष्ण सरांचा. शाळेत चित्रकला शिकवायचे, आता रिटायर. दर रविवारी सकाळी त्यांच्या माडीवर आम्ही जमतो. नियम चांगला आहे, आपला फोटो नसतो तेव्हा.

फोटो आरे-वारेच्या किनाऱ्याचा होता. वरच्या रस्त्यावरून. "क्षितिज तिरकं आहे," सर म्हणाले, "सगळं पाणी डावीकडे सांडेल." अरे, तिथला वारा माहितीय का तुम्हाला? तिथे माणूस सरळ उभा राहत नाही, फोटो कुठला सरळ येणार!

घरी येऊन फूटपट्टी लावून बघितली. तिरका आहे. किंचित.

मंगळवार, २५ मार्च

मुकुल म्हणाला, "रडत येतेस तर जातेस कशाला? बायको खूश राहावी म्हणून कॅमेरा घेतला ना आपण?"

रडत वगैरे कुणी येत नाहीये. आणि कॅमेरा ‘आपण’ घेतलेला नाही, मी घेतला. वीस वर्षं कॉलेजच्या ऑफिसात दुसऱ्यांचे दाखले लिहितेय. मे महिन्यात मंडळाचं प्रदर्शन आहे, प्रत्येकाचा एक फोटो. मला माझा फोटो भिंतीवर हवाय. खाली नाव — मनस्विनी. पुढे ‘सौ.’ नाही. बस, एवढंच हवंय. आणि ते मी मिळवणार.

रविवार, ३० मार्च

पाडवा. मंडळाला सुट्टी. गुढीचा फोटो काढला. सरळ!

रविवार, १३ एप्रिल

आज योगिनीचा फोटो होता. कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. मंडळात माझ्या आधीची, वयाने माझ्या निम्मी. जेटीवरचा मासळीचा लिलाव. सगळ्यात नवी मी, म्हणून आधी मी. म्हटलं, छान आहे.

"छान म्हणजे?" सर.

म्हणजे... छान.

"ती पहाटे उठून गेली, मासळीच्या पाण्यात उभी राहिली, आणि तू तिला एक ‘छान’ देऊन वाटेला लावतेस? यातून तिने उद्या काय वेगळं करायचं?"

कान गरम झाले. मग जे खरंच वाटलं होतं ते बोलून टाकलं. इतकी माणसं आहेत की कुणाकडे बघायचं तेच कळत नाही. ती तांबड्या लुगड्यातली बाई हातवारे करून भाव करतेय, तिच्याजवळ गेली असती तर? योगिनीचं तोंड उतरलं. मला कसंतरीच झालं. पण जिना उतरताना तिनेच विचारलं, "मनस्विनीताई, किती जवळ? म्हणजे नुसता चेहरा, की हात पण?" मग खाली गाडीजवळ उभ्या राहून आम्ही कितीतरी वेळ त्याच बाईबद्दल बोलत होतो.

सरांना शिकवता येतं. मला ते आवडत नाहीत, पण येतं.

बुधवार, १६ एप्रिल

मिळाला!

संध्याकाळी आंब्याच्या खोलीत मुकुल पेंढ्यातले आंबे वर-खाली करत होता. पश्चिमेचं दार सताड उघडं. ऊन सरळ आत — पेंढ्यावर, आंब्यांवर, त्याच्या हातांवर. सगळी खोली पिवळी. पिकत आलेल्या हापूसचा असतो ना, आत थोडा केशरी मिसळलेला, तो पिवळा. म्हटलं, जरा हलू नकोस.

"मी हललो नाही तर आंबे कोण बघणार?"

तो हलत राहिला, मी काढत राहिले. भिंतीवर हाच जाणार.

रविवार, २० एप्रिल

संताप संताप झालाय.

सर पडद्याजवळ गेले, मागे आले, चष्मा पुसला. म्हणाले, "हात चांगले मिळालेत. खरे मिळालेत." मी फुलले. मग — "डावीकडे तो फवारणीचा पंप कशाला? नजर तिकडेच जाते. आणि फार पिवळा आहे. कावीळ झाल्यासारखा. ऊन इतकं पिवळं नसतं. कॉम्प्युटरवर पिवळेपणा उतरव. सगळ्यांना सांगतो तेच."

सगळ्यांनी माना हलवल्या. भिकाजीकाका तर म्हणाले, "माझेही पिवळेच येत होते हो आधी. सरांनी सुधारले."

मी नियम मोडला. "सर, मी तिथे होते. ऊन असंच होतं."

"ज्याचा फोटो त्याने बोलायचं नाही."

"आंबा असाच असतो, सर. तुम्ही रत्नागिरीचेच ना?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सरांनी पुढचा फोटो लावला. जिन्यात भिकाजीकाका म्हणाले, सर ज्येष्ठ आहेत, असं बोलू नये. ज्येष्ठ असले म्हणून ऊन काय त्यांना विचारून पडतं?

पंपाचं पटलं. पिवळ्याचं मेले तरी पटणार नाही.

मंगळवार, २२ एप्रिल

पंप बाहेर ठेवला. मुकुल म्हणाला, "फोटोसाठी उद्या कलमं पण हलवू का?" त्याच वेळी, त्याच दारात, परत काढला. पहिल्यापेक्षा खूपच चांगला आला. सरांना हे मी सांगणार नाहीये.

शुक्रवार, २५ एप्रिल

सासूबाईंना दाखवला. चष्मा लावून नीट बघितला त्यांनी. "मुकुलचा सदरा खांद्याला उसवलाय. हा लोकांत लावणार?"

म्हटलं, आई, रंग कसा वाटतो?

"रंगाला काय झालंय? आंबे दोन दिवसांत काढायला हवेत, एवढंच."

हे खरं मत. बाकी सगळे गेले उडत.

रविवार, २७ एप्रिल

आज योगिनीनेही आंबे आणले! बाजारातली बाई, समोर पाट्या. यावेळी अगदी जवळून. बाईच्या भुवया, हातातला आंबा, गिऱ्हाइकाचं नुसतं बोट. मला हेवा वाटला इतका चांगला फोटो. पण रंग! सरांनी सांगितलं तसा पोरीने सगळा पिवळेपणा उतरवलाय. आंबे फिकट, गारठलेले. बाई आजारातून उठल्यासारखी. तिच्या मोबाइलवर मूळ फोटो होता, तो मी माडीवर चढायच्या आधी खाली बघितला होता. ऊन कसं मस्त होतं त्यात.

आधी मीच बोलायचं. भुवयांबद्दल बोलले, बोटाबद्दल बोलले. बाई थोडी उजवीकडे हवी होती म्हटलं. रंगाचं नाही काढलं. म्हटलं, तिने ऐकलंय तर ऐकू दे. मी माझ्या फोटोचं बघीन. सर खूश झाले तिच्यावर.

गुरुवार, १ मे

मुकुल म्हणतो, दोन्ही प्रिंट काढ, पिवळा आणि सरांचा. त्यांना त्यांचा दाखव, भिंतीवर आपला लाव. कळणार पण नाही.

हा माझा नवरा! चोरून लावायचा असता तर भांडले कशाला असते?

रविवार, ४ मे

निवड झाली. माझी पाळी आली तेव्हा सर पडद्यासमोर बराच वेळ उभे राहिले. पंप नाही हे त्यांना लगेच दिसलं. "पंप काढलास. आता बघ हात कसे बोलतात." आणि मग तेच, "पिवळं मात्र तसंच."

"तसंच राहणार, सर."

यावेळी त्यांनी नियमाचं नाव काढलं नाही. म्हणाले, "माझं ऐकायलाच हवं असं नाही. पण मुख्य भिंतीवर बाकीच्यांच्यात तो बसणार नाही. दाराजवळ लावावा लागेल."

"दाराजवळ लावते."

दाराजवळ म्हणजे चपला काढतात तिथे. असू दे! नाव तर लागेल.

शनिवार, १० मे

प्रदर्शनाचा पहिला दिवस.

सगळे फोटो एकत्र लागलेले आज पहिल्यांदाच बघितले. मुख्य भिंत निळी आहे. भिकाजीकाकांची भातशेती निळी. योगिनीचे आंबे निळे. सरांचा स्वतःचा एक, त्यातली भर दुपारची वाळू निळी! एकेक बघताना एवढं कळत नव्हतं. ओळीने लावल्यावर हॉलमध्ये ढग आल्यासारखं वाटत होतं. आणि चपलांपाशी माझा एक, उन्हातला.

अकराच्या सुमारास नऊवारीतल्या एक आजी नातीचा हात धरून आल्या. योगिनीच्या फोटोसमोर थांबल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आंबे कच्चेच काढलेत काय गो हिने? बाजारात आणायची एवढी घाई कशाला?" नात त्यांना ओढायला लागली. जाताना दारात माझ्यापाशी थांबल्या. "हे बघ. हे आंबे."

मी चपलांच्या ढिगात उभी राहून हसत होते. योगिनी तिच्या फोटोखाली उभी होती. ती नाही हसली.

रविवार, ११ मे

आज गर्दी. आणि गर्दी कुठे? दारात! लोक आत जायचे, चक्कर मारायचे आणि परत येऊन माझ्यापाशी थांबायचे. एकाने विचारलं, ही कुठली बाग? मुकुल उसवलेलाच सदरा घालून आला होता, मुद्दाम! लोक त्याच्या हातांकडे बघत होते.

दुपारी हॉल रिकामा झाल्यावर सर आले. माझ्या फोटोसमोर उभे राहिले, मग मुख्य भिंतीकडे गेले, परत आले. योगिनीला हाक मारली. "खरं सांग. हा पिवळा आणि तो तुझा, तुला वेगळे दिसतात?"

योगिनी घाबरत म्हणाली, "हो सर. खूप."

"माझा?"

"निळा दिसतो, सर."

"कधीपासून?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी फोटोकडे बघत राहिले. सर तिथल्या खुर्चीवर बसले ते निघेपर्यंत उठले नाहीत.

जिंकले मी. साफ जिंकले.

सोमवार, १९ मे

योगिनीचा फोन. तीच सरांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. हळूहळू वाढत गेला की सगळंच पिवळट दिसायला लागतं, आणि ज्याचं त्याला कळतही नाही, असं डॉक्टर म्हणाले. एका डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात.

म्हणजे मी बरोबर होते! सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "बिचाऱ्याला दिसत नव्हतं, त्यात तुला कसला आनंद?" आनंद त्याचा नाही. मला दिसत होतं, त्याचा आहे.

रविवार, ८ जून

सर घरी आले. काळा चष्मा. फोटो मागितला, चष्मा काढला, एक डोळा हाताने झाकून बघितला, मग दुसरा झाकून. बराच वेळ. "हापूसच आहे. तू बरोबर होतीस. तीन वर्षं मी सगळ्यांच्या फोटोंतलं ऊन काढून टाकलं."

मी म्हटलं, जाऊ दे सर, तुम्हाला काय माहीत.

"मला नव्हतं माहीत. तुला होतं. स्वतःच्या फोटोसाठी एवढी भांडलीस ना माझ्याशी, मग योगिनीचा पडद्यावर लागला होता तेव्हा का नाही बोललीस?"