कोंडवाड्याचं दार

आप्पा, उद्या सकाळी मला तालुक्याच्या कोर्टात जायचं आहे. तुमच्या नातवाला सोडू नका असं तिथं एक माणूस सांगणार आहे, आणि त्या माणसाच्या शेजारी मी उभी राहणार आहे. घरात हे कोणाला माहीत नाही. घरात तसंही आता आम्ही मायलेक दोघंच. दुपारपासून माझ्या हातांना चैन नाही. डाळीतांदळाचे डबे पुसून झाले, ते पुन्हा उतरवून पुन्हा पुसले. साडीला इस्त्री केली आणि ती कपाटात आत ठेवून दिली, बाहेर दिसली तर तो विचारेल, कुठं निघालीस म्हणून. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी साडीला इस्त्री करत नाही हे त्याला ठाऊक आहे.

तुम्ही गेलात तेव्हा तो पाळण्यात होता. तेव्हा सगळं पहिल्यापासून सांगते. काही वर्षांमागं फाट्यावर विजेसाठी रास्ता रोको झाला. मोटारी बंद, केळी उभ्या वाळून चाललेल्या, माणसं चिडलेली. त्या गर्दीत तुमचा नातूही होता. एक एसटी आली, कोणीतरी दगड मारला, काच फोडून तो आत गेला आणि ड्रायव्हरचा डावा डोळा गेला. पोलिसांनी दोघांवर गुन्हा नोंदवला. एक तुमचा नातू आणि दुसरा आमच्या मागच्या गल्लीतला मुलगा. दोघं माझ्याच वर्गात एका बाकावर बसत. दोघांच्याही हातात दगड होते, हे लोकांनी पाहिलं. लागला तो कोणाचा, हे कोणी सांगत नाही. मी त्याला स्वयंपाकघरात उभं करून एकदाच विचारलं. तो म्हणाला, "मी नाही मारला." उभा जन्म मी पोरांच्या तोंडाकडं बघून खरं-खोटं ओळखत आले. त्या दिवशी मला काहीच ओळखता आलं नाही. तेव्हापासून तारखा पडत राहिल्या. दरम्यान हा पक्षात गेला, आमदारांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर याचा फोटो लागू लागला. मग त्यांचं सरकार आलं आणि आंदोलनातले राजकीय गुन्हे मागे घ्यायचे ठरले. तालुक्यातून नावं गेली, त्यात याचं गेलं. मागच्या गल्लीतल्या मुलाचं गेलं नाही. तो कोणाच्या फ्लेक्सवर नव्हता.

ही बातमी त्यानं मला जेवताना सांगितली. सरकारी वकिलांनी अर्ज दिला आहे, न्यायाधीशांनी हो म्हटलं की संपलं. मी विचारलं, "आणि त्याचं?" तो भाकरी मोडत म्हणाला, "त्याचं त्याला बघू दे ना आई. मी काय समद्या गावाचा ठेका घेतलाय?" मग मोबाईल माझ्यापुढं धरला. परदेशातल्या कुठल्याशा अध्यक्षानं आपल्या बाजूच्या माणसांना एका सहीत माफी दिली होती, त्याची बातमी चालू होती. सुटलेली माणसं तुरुंगाच्या दारात हार घालून घेत होती. "बघ, तिकडं तर फौजच्या फौज सोडून राहिलेत. आपल्याकडं निदान कोर्टाची परवानगी तरी लागते," असं म्हणून तो हसला. मी वाटी उचलायच्या निमित्तानं तोंड फिरवलं.

दोन दिवसांनी त्या मुलाची आई दारात आली. ती हळद शिजवायच्या कढईवर कामाला जाते, हात मनगटापर्यंत पिवळे. आत ये म्हटलं तरी चौकटीला धरून उभी राहिली.

"बाई, तुमच्या लेकराचं नाव निघालं म्हन्त्यात."

"हो."

"बरं झालं. आता माझ्याचं बी काढा की. तुमी एक शबुद टाकला तर आमदार तुमाला न्हाई म्हनायचे न्हाईत."

मी म्हटलं, "मी कोणाकडं शब्द टाकत नाही."

"मंग तुमच्याचा कोण टाकला?"

ती भांडायला आली नव्हती, आवाजही चढला नव्हता. जाताना एवढंच म्हणाली, "दोघं होते तवर दगड दोघांचा होता, बाई. आता तो माझ्या एकट्या पोराचा झाला." चौकटीवर तिच्या बोटांचे पिवळे ठसे राहिले. मी ते पुसलेले नाहीत. आज डबे दोनदा पुसले, चौकट तशीच आहे.

नागरिकशास्त्र मीच शिकवायचे, तुम्हाला माहीतच आहे. कायद्यापुढं सगळे सारखे हे वाक्य मी फळ्यावर इतक्या वेळा लिहिलं की ते लिहिताना फळ्याकडं बघावंही लागत नसे. राष्ट्रपतींचा दयेचा अधिकारही शिकवायचे. कायदा माणसांनीच केलेला, एखाद्याच्या बाबतीत तो फार कठोर होतो, म्हणून शेवटी एक दार ठेवलं आहे, असं सांगायचे. एकदा मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, अन् तो मानूस राष्ट्रपतींच्याच वळखीचा असला तर?" वर्ग हसला. असले प्रश्न परीक्षेला येत नाहीत, असं म्हणून मी तिला खाली बसवलं. आता बसल्या बसल्या वाटतं, त्या धड्यातला तोच एक प्रश्न होता. दया करणाऱ्याला त्यातून काही मिळायला नको, एवढं तरी मी तिला सांगायला हवं होतं. हा सुटला तर आमदारांना निवडणुकीत गावोगाव फिरणारा एक माणूस मिळतो. याला दया कसं म्हणायचं?

आणि मग तुमचा कोंडवाडा आठवतो. पंचायतीनं तो तुमच्याकडं दिला होता. कोणाचं जनावर कोणाच्या पिकात शिरलं की ते हाकलून तुमच्याकडं आणायचे, मालकानं दंड भरला की तुम्ही सोडायचे. एकदा आपलीच गाय कोणीतरी ज्वारीतून हाकलून आणली. दोन दिवस घरात बिनदुधाचा चहा. मी कॉलेजातून सुट्टीला आलेली, शिकलेली, तुम्हाला म्हणते, "आप्पा, गाय आपली, कोंडवाडा आपल्या ताब्यात, मग धार काढायला काय हरकत आहे?" तुम्ही बशी खाली ठेवता आणि म्हणता, "कोंडवाडा आपला न्हाई. आपन फकस्त दाराशी बसलेलो." आई तेवढी वासराला घेऊन जाते, त्याला पाजते आणि रिकाम्या तांब्यानं परत येते.

त्याच सुट्टीत सरपंचाचे बैल आले. ते एका विधवा बाईच्या केळीत शिरले होते. तिनं स्वतः काठी घेऊन ते हाकलत आणलेले, लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं. संध्याकाळच्या आत पंचायतीतून निरोप आला, बैल सोडा, दंड माफ. तुम्ही निरोप्याला दोनदा विचारलंत, "बराबर ऐकलंस ना?" मग उठलात, दाराचा आडवा बांबू काढलात आणि बैल सोडलेत. ते गेल्यावर बांबू परत लावला नाहीत. आत दोन गाई होत्या, म्हशीची एक वगार होती, कोणाच्या तरी शेळ्या होत्या. सगळ्यांना तुम्ही शीळ घालून बाहेर काढलंत. गाव हसलं, मग गावानं तुम्हाला डोक्यावर घेतलं. एकाला सोडलं तर सगळ्यांना सोडलं, याला म्हणतात माणूस. ही गोष्ट मी वर्गात सांगायचे, समानतेच्या धड्याला. तुमच्या नातवालाही लहानपणी सांगितली. परवा त्यानं ती मला परत केली. "आप्पांनी समदी जनावरं सोडली म्हणून तू आयुष्यभर सांगितलंस. अन् आता तुझं एक लेकरू सुटून राहिलं तर तुझं पोट काहून दुखतं?"

त्याला गोष्ट तेवढीच माहीत आहे. वर्गालाही मी तेवढीच सांगायचे, दार उघडेपर्यंतची. त्या दिवशी दिवेलागणीला ती केळीवाली बाई परत आली होती, हे मी कधी सांगितलं नाही. तुम्ही ओसरीवर बसलेले, चार माणसं भोवती, तुमची वाहवा चाललेली. ती खाली अंगणात उभी राहून म्हणाली, "समद्यांला सारकं केलं म्हन्त्यात. माज्या बागंला कोनासारकं केलं, आप्पा?" माणसं एकेक करून उठून गेली. रात्री तुम्ही जेवला नाहीत. सकाळी मला उठवलंत, कुदळ घेतलीत, आणि आपण दोघं तिच्या शेतात गेलो. तुम्ही मोडलेली झाडं खणून काढता, मी ओल्या पोत्यातले केळीचे मुनवे तुमच्या हातात एकेक देते, तुम्ही ते लावता, पायानं माती दाबता. ती बांधावर बसून बघते, या म्हणत नाही, जा म्हणत नाही. तुम्ही त्या दिवशी काय विचार करत होता, हे मला तेव्हा विचारायचं सुचलं नाही. मला तेव्हा फक्त माझ्या हातांना लागलेला केळीचा डाग जाईल का, एवढीच काळजी होती.

मागच्या गल्लीतल्या बाईसाठी मी शब्द टाकला असता तर दोन्ही पोरं सुटली असती. गावानं मलाही चांगलं म्हटलं असतं. एक रात्रभर मी तोच विचार केला, अगदी आमदारांना काय बोलायचं ते शब्दही जुळवले. पहाटे ती केळीवाली बाई डोळ्यांपुढं अंगणात उभी राहिली. दुसऱ्या दिवशी मी वसमतला गाडी बदलून हट्ट्याला गेले. त्या ड्रायव्हरचं घर तिथं आहे.

त्यानं मला खुर्ची दिली आणि स्वतःची खुर्ची उचलून माझ्या दुसऱ्या बाजूला ठेवली. "डाव्या अंगानं कोणी बसलं की दचकायला होतं," म्हणाला. गाडी आता त्याच्या हाती देत नाहीत, डेपोत हलकं काम आहे. मी त्याला सांगितलं, एकाचं नाव काढून घेत आहेत. त्याला काहीच माहीत नव्हतं.

"मला कोणी इचारलं न्हाई, बाई. बोलावलं तवा गेलो, तारीख पडली. फिरून गेलो, फिरून तारीख. आता मिटवून बी राहिले म्हन्ता?" मग माझ्याकडं नीट बघत, "तुमी कोन पन?"

"नाव काढतायत त्या मुलाची आई."

त्याची बायको चहा घेऊन येत होती, ती दारातच थांबली. तो हसला, पण ते हसणं बरं नव्हतं. "लेकरू बी तुमचंच, अन् सांगाया बी तुमीच आलात. काहून?"

"तुम्हाला कोणी सांगितलं नसेल म्हणून," मी म्हटलं. दुसरं काही खरं सांगण्यासारखं नव्हतं.

त्यानं बायकोच्या हातून चहा घेऊन माझ्यापुढं ठेवला. "सोडायचं तर सोडा, पन दगड कोनाचा ते एकदा बोला. मला एवढंच ऐकायचंय. तकलीफ तर व्हायची ती झाली." मग म्हणाला, "मला तिथं बोलता येत न्हाई. काळा कोट दिसला का जीभ टाळूला चिकटते. तुमी संग उभ्या राहाल का?" मी हो म्हणून आले. हरकतीचा अर्ज मीच लिहून दिला, त्यानं सही केली. परतताना गाडीत लक्षात आलं, अक्षर माझं आहे. ते अक्षर बघत तुमचा नातू लिहायला शिकला. कोर्टात तो कागद वर आला की त्याला वकिलानं वाचून दाखवावा लागणार नाही.

तेव्हापासून रोज त्याच्या ताटात वाढताना वाटतं, आता सांगावं. तो मोबाईलमध्ये असतो. कधी मान वर करून म्हणतो, "आई, हे निपटलं का मी दुकान टाकतो बघ फाट्यावर." त्याच फाट्यावर. मी म्हणते, "बरं." पक्षातली पोरं घरी येतात, मला वाकून नमस्कार करतात, उद्या ती कोर्टाच्या आवारात असतील. मागच्या गल्लीतली बाईही तिच्या पोराबरोबर येईल. तिलाही मी काही सांगितलेलं नाही. मला त्या ड्रायव्हरबरोबर बघून तिला काय वाटेल ते कळत नाही. दोघांवरही खटला चालावा, असं मी मागते आहे. म्हणजे तिच्या पोराला मी सोडवत नाहीच, फक्त माझं पोर त्याच्या शेजारी परत नेऊन बसवते. ही कसली मदत, असं ती म्हणाली तर तिचं चुकणार नाही. आणि दगड खरंच याचाच निघाला तर? आप्पा, तुमच्या हातात देण्यासाठी पोत्यात मुनवे तरी होते. डोळा कुठून आणून लावायचा?

जाईन मी. सकाळच्या गाडीनं तो माणूस येणार आहे, मी त्याला स्टँडवर घ्यायला जाईन, त्याच्या उजव्या बाजूनं चालेन. न्यायाधीशांनी विचारलं तर अडखळणार नाही. वर्गावर जशी बोलायचे तशी बोलेन.

पण हे बोलताना माझ्या मनात काय असेल तेही लिहून टाकते. न्यायाधीशांनी माझं शांतपणे ऐकून घ्यावं, हरकत लिहून घ्यावी, आणि मग ती बाजूला ठेवून माझ्या लेकराला सोडून द्यावं, असं मला वाटतं. आतापासूनच वाटतं. तुम्ही जिवंत असता तर हे तुम्हाला सांगितलं नसतं.