उदगिरात पाणी मुबलक आहे

३ मार्च २०१६, सकाळ
पुस्तक आलं. ‘पाणी मुबलक आहे : टंचाईच्या धंद्याचा पर्दाफाश’. मुखपृष्ठावर उदगीरचा किल्ला, त्याच्यापुढं मी. किल्ला थोडा लहान घ्यायला पाहिजे होता.

उदगीर जिल्हा का होत नाही? कारण सरकारच्या फायलीत लिहिलंय की इथं जमिनीखाली पाणी नाही. लिहिलं कुणी? भूजलवाल्या शास्त्रज्ञांनी. जन्मभर शाळेत भूगोल मी शिकवला आणि जमीन ह्यांना कळते. टंचाई नसली तर ह्यांना विचारतं कोण. म्हणून दरवर्षी नवा बागुलबुवा. आता माझं पुस्तक आलं. एक मेला जिल्हा जाहीर होतो की नाही बघा. जिल्हा कृती समितीचे अध्यक्ष अमृतराव तर म्हणाले, सर, नव्या जिल्ह्याच्या इतिहासात तुमचं नाव पहिल्या पानावर.

बायकोनं, प्रमोदिनीनं, विचारलं, गठ्ठे ठेवायचे कुठं? हॉलमध्ये म्हणालो. तिथं ड्रम आणि घागरी आहेत म्हणे. इतके ड्रम कशाला लागतात बायकांना, देव जाणे. पाणी तर रोज येतं. सकाळी शेजारच्या रत्नम्मा भिंतीवरून नळी टाकतात, त्यांच्या बोअरची. आमचं भरलं की तीच नळी पुढं गल्लीत जाते. दोन उन्हाळे झाले, एक दिवस खंड नाही. ह्याला टंचाई म्हणायचं? प्रकरण तीनमध्ये हेच पुराव्यादाखल दिलंय.

७ मार्च, महाशिवरात्र
रत्नम्मांच्या यजमानांना, गुरुपादप्पांना, एक प्रत भेट दिली. मोंढ्यात धान्याची आडत आहे त्यांची. माणूस सज्जन, पण वाचन शून्य. भिंतीला लागून त्यांचा बेल आहे, त्याची पानं काढत होते. पुस्तक उलटंपालटं करून म्हणाले, कागद चांगला हाय सर. मग म्हणाले, बोअर सकाळी दोनदा हवा ओढू लागलंय, जरा बेतानं घेऊ सगळे. मी सांगितलं, तो मोटरचा दोष. आणि हा बेल बघा, मार्चमध्ये हिरवागार. मुळाशी पाणी असल्याशिवाय का? ते मान डोलावून म्हणाले, हाव सर. रत्नम्मा तिथं भांडी धुतात, असंही काहीतरी म्हणाले. मुद्दा सोडून बोलायची सवयच असते लोकांना.

संकल्प : रोज एक पत्र वर्तमानपत्राला.

१२ मार्च
अजून खळबळ नाही. पुस्तक कुणी जाळलं नाही. शाईफेक होणार हे धरून जुना शर्ट घालून चौबाऱ्याच्या चौकात दोन चकरा मारल्या. कुणी फिरकलं नाही. शर्ट घामानंच खराब झाला. हा पर्यावरणवाल्यांचा नवा डाव. मौनानं मारायचं.

पत्र राहिलं. उद्यापासून नक्की.

१६ मार्च
डाव फसला. त्यांना तोंड उघडावं लागलं. वर्तमानपत्रात विशाखानं उत्तर दिलंय. विशाखा म्हणजे माझीच विद्यार्थिनी, आता लातूरला भूजल ऑफिसात शास्त्रज्ञ म्हणून मिरवते. लिहिते काय, सरांची भाषा छान आहे, पण जमिनीतलं पाणी खुर्चीत बसून मोजता येत नाही, विहिरीत टेप सोडून मोजावं लागतं. नववीत हिला समोच्च रेषा म्हणजे काय ते कळत नव्हतं. मी शिकवली. आज मला टेप दाखवते.

दुपारी फोन केला तिनं. सर, नमस्कार करते. प्रमोदिनीकाकू कशा आहेत. एकदा मोजणीला आमच्याबरोबर या, गाडी पाठवते. बघा, कशा फोडतात माणसं. वेळ नाही म्हणालो. वेळ होता, पण ऊन फार होतं.

२२ मार्च
परिसंवाद झाला. ‘टंचाई : वास्तव की कारस्थान’. वक्ता मी. विशाखालाही बोलावलं होतं, ऑफिसची परवानगी मिळाली नाही म्हणे. पळाली.

हॉल खच्चून भरलेला. बाया, म्हाताऱ्या, लेकरं, बसायला जागा नाही. उदगीर जागं होतंय हे मी भाषणातच म्हणालो. अमृतरावांनी मागं थंड पाण्याचे जार ठेवले होते. श्रोते बाटल्या, कॅन सगळं घेऊन आले होते. प्रकरण चारपर्यंत जार संपले आणि लोकही. पण गेले ते विचार करत गेले. चेहऱ्यावर दिसत होतं.

पुस्तकं खपली नाहीत. एकीनं दोन प्रती मागितल्या. घागरीवर झाकायला पुठ्ठा चांगला आहे म्हणाली. दिल्या. वाचक कुठल्याही वाटेनं येतो.

२८ मार्च
ठरलं. आता शब्द बास. जाहीर पुरावा. पाडव्याला माझ्या अंगणात बोअर घेणार. समितीचे लोक, पत्रकार, मंडप. पाणी लागलं की विशाखाच्या टेपची गुंडाळी.

तिला मीच फोन करून आव्हान दिलं. म्हणाली, सर, घ्यायचंच तर घ्या, पण गुरुपादप्पांच्या भिंतीजवळ नको. आपल्याकडं काळा खडक, पाणी असतं ते भेगेत. दोन्ही बोअर एकाच भेगेवर बसली तर एका ताटातून दोघं ओढणार आणि त्या बोअरवर अख्खी गल्ली पिते.

म्हणजे घाबरली.

५ एप्रिल
पानाडी शिवमूर्ती आला. तळहातावर नारळ आडवा ठेवून चालतो, खाली पाणी असलं की नारळ उभा राहतो. हा खरा शास्त्रज्ञ. नारळाला ग्रँट नको, प्रमोशन नको, त्यामुळं तो खोटं बोलत नाही.

फाटकापाशी नारळ हलला नाही. गुलमोहराखाली नाही. भिंतीपाशी, बेलाच्या अलीकडं, ताडकन उभा राहिला. शिवमूर्ती म्हणाला, लई पाणी हाय सर हितं, पलीकडच्या बोअरचीच धार हाय. मी टाळी दिली.

गुरुपादप्पा भिंतीवरून बघत होते. थोडं फाटकाकडं सरकता येईल का सर, एवढंच म्हणाले. नारळ तिथं उभा राहत नाही, मी काय करणार. प्रमोदिनी संध्याकाळी म्हणाली, अहो, त्यांचं गेलं तर आपणच काय पिणार? तिला प्रकरण पाच वाचून दाखवलं, जमिनीखालच्या अखंड जलाशयाचं. ती कुकर लावायला उठून गेली.

८ एप्रिल, पाडवा
लागलं. पाणी लागलं.

दुपारपर्यंत नुसता धुरळा. पत्रकार एकेक करून सटकले. अमृतराव घड्याळ बघू लागले. आणि मग पांढरा फवारा गुलमोहराच्या वर. माझा कुर्ता, मंडप, गुढी, सगळं भिजलं. अमृतरावांनी हार घातला. रत्नम्मा साखरेची गाठी घेऊन आल्या, माझ्या हातात दिली, म्हणाल्या, चांगलं झालं सर, आता गल्लीला दोन बोअर. साधी बाई, पण माझा सिद्धांत तिला चटकन कळला.

विशाखाला फोन. मी म्हणालो, ऐक, हा पाण्याचा आवाज. तिनं विचारलं, सर, गुरुपादप्पांचं बोअर चालू करून बघितलं का? अभिनंदन नाही, काही नाही. जळफळाट.

९ एप्रिल
नळी आली नाही. वाट पाहिली. भिंतीपलीकडं मोटर सुरू झाल्याचा आवाज आला, घरघरली, बंद झाली. रत्नम्मा घरात कानडी बोलतात. कुणाला तरी नीरु इल्ला, नीरु इल्ला म्हणून सांगत होत्या. नीरु म्हणजे पाणी, इतपत कळतं; पुढची कानडी मला येत नाही, तेव्हा त्यावर मत देणं योग्य नाही.

योगायोग. शास्त्रात योगायोगाला जागा असते. किंवा माझा सत्कार गुरुपादप्पांना खुपला आणि मोटर मुद्दाम बंद ठेवली. दुसरी शक्यता जास्त पटते.

१० एप्रिल
प्रमोदिनीनं मला न विचारता आमच्या बोअरची नळी भिंतीवरून त्यांच्याकडं टाकली. मग तीच नळी गल्लीत. मी म्हणालो, ही सिद्धांताची विहीर आहे, पाणपोई नाही. ती म्हणाली, दोन उन्हाळे त्यांचं प्यालो तेव्हा सिद्धांत कुठं होता? रागात बायकांशी वाद घालू नये.

१३ एप्रिल
लातूरला रेल्वेनं पाणी आलं. टीव्हीवर तेच. लातूर जिल्ह्याचं ठाणं आहे म्हणून रेल्वे. उदगीर जिल्हा असतं तर इथंही आली असती. रेल्वे स्टेशन आपल्याकडं नाही का? अन्याय आहे हा. अर्थात आपल्याला गरज नाही. पण अन्याय आहे.

संध्याकाळी अमृतराव आले. चेहरा गंभीर. म्हणाले, सर, वारं फिरलं. आता पाणी आहे म्हणून जिल्हा मागण्यात राम नाही. पाणी नाही म्हणून मागायचा. ‘तहानलेलं उदगीर’ अशी पत्रिका काढू, तुमच्यासारखं कोण लिहिणार. मी स्पष्ट सांगितलं, माझी तत्त्वं मला विकायची नाहीत. मग ते म्हणाले, पहिलं पान तुमचंच. विचार करतो म्हणालो.

१४ एप्रिल
पत्रिका लिहिली. चांगली उतरली. ‘घोटभर पाण्यासाठी वणवण करणाऱ्या मायमाउल्या’ ह्या वाक्याला माझ्याच डोळ्यात पाणी आलं. आकडे विशाखाच्या लेखातून घेतले. तिचं नाव दिलं नाही, वादग्रस्त व्यक्ती आहे. तत्त्व बदललेलं नाही, बाजू बदलली. लेखकानं काळाबरोबर चालावं.

२१ एप्रिल
आमचं बोअर सकाळी दोनदा हवा ओढतं. मोटरचा दोष. मेकॅनिक आला, म्हणाला, मोटर एक नंबर हाय सर, खाली ओढायला काय न्हाई. ह्याला मोटरमधलं काही कळत नाही. दुसरा बोलावणार.

गुरुपादप्पांना फाटकात भेटलो. मी विषय काढला नाही. उपवास आहे का म्हणून विचारलं, तर नुसते हसले. वाळलेत.

२६ एप्रिल
दुसरा मेकॅनिक पहिल्याला सामील. गल्लीतल्या बाया नळी आली नाही म्हणून फाटकापाशी येऊन उभ्या राहिल्या. भांडायला आल्या असत्या तर बरं झालं असतं, माझी तयारी होती. थोडा वेळ थांबल्या आणि घागरी घेऊन गेल्या. नळी आमच्या अंगणात वेटोळं करून पडली आहे.

टँकरसाठी प्रमोदिनीनं विशाखाला फोन केला. माझ्या फोनवरून. विशाखा म्हणाली, तहसीलमध्ये सांगते काकू, संध्याकाळपर्यंत येईल. आला.

१ मे
जिल्हा जाहीर झाला नाही.

समितीची सभा झाली. ‘तहानलेलं उदगीर’ सगळ्यांना वाटली. पहिल्या पानावर अमृतराव. शेवटच्या पानावर अमृतरावांच्या चिरंजीवांच्या दुकानाची जाहिरात. माझं नाव शोधलं, छापखान्याची चूक असणार. प्रमुख वक्ता विशाखा. ह्या वेळी परवानगी मिळाली. पत्रिकेतले माझे आकडे तिनं घडाघडा तोंडपाठ सांगितले. शेवटी म्हणाली, मला नकाशा वाचायला शिकवणारे सर समोर बसलेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मान वळवून कुणी बघितलं नाही, कारण मी कुठं बसलोय हे कुणाला माहीत नव्हतं.

मला उभं राहून सांगायचं होतं की माझं मत आजही कायम आहे. कोणतं, ते तेवढ्यात आठवेना.

६ मे
गुरुपादप्पांनी आडत बंद ठेवली. दोघं भालकीला, रत्नम्मांच्या भावाकडं निघाले. पाऊस पडेपर्यंत तिकडंच. रत्नम्मांना गुडघ्याचा त्रास, टँकरच्या रांगेत उभं राहवत नाही, असं प्रमोदिनी म्हणाली. दोघी भिंतीपाशी बराच वेळ हात धरून उभ्या होत्या. मी पेपर वाचत होतो. पेपर कालचा होता.

निघताना रत्नम्मा माझ्याकडं आल्या. म्हटलं आता बोलतील. मी उत्तर तयार ठेवलं होतं, भेग, खडक, योगायोग, सगळं. त्या म्हणाल्या, सर, बेल वाळायलाय. भांडी धुवायचं पाणी जायचं त्याला, तेवढ्यावरच जगत होता. कधी आलंच तुमच्या बोअरला, तर तांब्याभर घाला. मी म्हणालो, घालतो की, पाणी मुबलक आहे. सवयीनं आलं तोंडातून. गुरुपादप्पा म्हणाले, हाव सर. आणि रिक्षात बसले.

संकल्प : बेलाला रोज पाणी घालणे.

संध्याकाळी भिंतीपाशी गेलो. पानं गळून आमच्या बाजूला पडली होती. स्वयंपाकघरात तांब्या भरलेला दिसला. नेऊन भिंतीवरून मुळाशी ओतला. माती ओलीसुद्धा दिसली नाही. तरी बरं वाटलं. ह्या पूर्ण उन्हाळ्यात ठरवलेलं एक तरी काम त्याच दिवशी केलं.

आत आलो. प्रमोदिनी रिकाम्या तांब्याकडं बघत उभी होती. म्हणाली, टँकर परवा येणार आहे. ते प्यायचं होतं.