चोवीस विरुद्ध तेवीस

मी, ओर्विन हाल्वर टॅलक्सन, वय ८२, राहणार टॉर्विक, नॉर्थ डकोटा, बारा वर्षे राज्याच्या सिनेटचा सदस्य व त्यानंतर एकतीस वर्षे केंद्रीय जिल्हा न्यायाधीश, असे लिहून ठेवतो की माझी बुद्धी जागेवर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांचे विचारत नाही. हे मी माझ्या मर्जीने लिहीत आहे. पूर्वीची दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत; त्यांत मी सगळे लिहिले नव्हते.

१. टॉर्विकचे घर, त्यातील सामान व बँकेतील शिल्लक माझी मुलगी सिग्ने हिला. पुढची व्यवस्थाही तीच पाहील. तळघरातल्या फ्रीजरमधले मासे आधी काढावेत, ते कोर्टाच्या कामकाजासाठी थांबणार नाहीत.

२. कोर्टातले माझे तैलचित्र तिथेच राहू द्यावे. चित्रकाराने मला आहे त्याहून विचारी दाखवले आहे. काळा झगा कोणालाही द्यावा. तो पहिल्यांदा अंगावर चढवला तेव्हा मला काही वाटले नाही, शेवटी उतरवला तेव्हाही नाही.

३. माझ्या दफनविधीला भाषणे नकोत. पक्षाच्या मंडळींना कॉफी आणि बटाट्याची लेफ्सा पोळी द्यावी, माइक देऊ नये. मी न्यायाधीश झाल्यावर ही मंडळी मला पाहिले की सांगत असलेला विनोद मध्येच थांबवत. एकतीस वर्षांत मी एकाही विनोदाचा शेवट ऐकला नाही.

४. तळ्याकाठची केबिन व होडी क्लेमेन्स बाउमगार यास. याचे कारण लिहिणे भाग आहे.

क्लेमेन्स विरोधी पक्षाचा. सिनेटमध्ये आमची जोडी होती. म्हणजे एक गैरहजर असला तर दुसऱ्याने मत द्यायचे नाही. विरुद्ध मते आपसांत फिटली. याला कागद नसतो, नुसता शब्द असतो. दहा वर्षे आम्ही तो पाळला. मग त्याच्या गावचे सरकारी हॉस्पिटल बंद करण्याचे विधेयक मतास आले, आणि नेमका त्याच दिवशी तो वडिलांना पुरायला गेला होता. जाताना म्हणाला, "मी नाही, म्हणजे तूही नाहीस. गप बसून राहा."

आमचा पक्षनेता माझ्या टेबलापाशी आला. "ओर्विन, एक मत कमी पडतंय. आणि न्यायाधीशपदासाठी वॉशिंग्टनला नावं जायचीत, तेवढं लक्षात असू दे."

माझे नाव पुकारले तेव्हा मी "होय" म्हटले. चोवीस विरुद्ध तेवीस.

हॉस्पिटल गेले. क्लेमेन्सची बायको ओटिलिया तिथे नर्स होती. कामासाठी ती शहरात दोन खोल्यांत राहिली, तिथेच वारली. माझे नाव वॉशिंग्टनला गेले. तिथल्यांनी क्लेमेन्सकडे विचारणा केली, हा माणूस सचोटीचा आहे काय? त्याने एका ओळीत उत्तर धाडले, "टॅलक्सन यांना कायदा चांगला येतो." त्यावर माझी आजन्म नेमणूक झाली.

शब्द मोडणाऱ्यांना मी वर्षानुवर्षे शिक्षा दिल्या. माफी मात्र मी कधी मागितली नाही. आधी लाज वाटायची, पुढे काहीच वाटेनासे झाले. आता वाटण्याची वाट पाहायला वेळ नाही. सबब, येथे मागतो.

दुरुस्ती: सही करण्यापूर्वी मी क्लेमेन्सला बोलावून कलम ४ वाचायला दिले. त्याने ते दोनदा वाचले.

"केबिन नको. छप्पर गळतं तिचं."

"दुरुस्त करून देतो."

"ज्याला मिळकत मिळते त्यानं साक्षीदार होऊ नये. बरोबर ना, न्यायाधीशसाहेब?"

"बरोबर."

"मग माझं नाव खोड. मी साक्षीला सही करतो."

"आणि माफी?"

"ती ओळ राहू दे. सिग्नेला वाचू दे."

सबब कलम ४ मधील देणगी रद्द. केबिन व होडीही सिग्नेला. बाकी मजकूर कायम.

(सही) ओर्विन हा. टॅलक्सन
टॉर्विक, १४ मार्च २०१९

साक्षीदार:

१. मार्व्हा लिंडेल, कोर्टातील माजी लघुलेखिका. सही माझ्या समक्ष झाली.

२. क्लेमेन्स बाउमगार. सही माझ्या देखत झाली. सही करताना यांची बुद्धी शाबूत होती. मत देतानाही होती.