अविनाशचा सौदा

शारजा, शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आज मी खोटं बोलले, तेही अविनाशबद्दल.

सूकमधल्या, म्हणजे इथल्या जुन्या बाजारातल्या, जुन्या बंदुकांच्या दुकानात एकटीच गेले. हॉलमध्ये लावायला त्याला हवी असलेली ती निकामी केलेली रायफल अजून तिथेच टांगलेली आहे. दर शुक्रवारी तो तिथे कहवा प्यायचा, घासाघीस करायचा आणि रिकाम्या हाताने घरी यायचा. तो पंधराशे दिरहमवर अडलेला, दुकानदार करीमचाचा अठराशेवर.

"साहब नहीं आए, भाभी?"

"पुणे गए हैं," तोंडातून निघून गेलं. का? तो वारला, एवढं वाक्य मला अजून म्हणता येत नाही.

मग घाईने म्हटलं, अठराशे देते, बांधून द्या. म्हणजे बेचाळीस हजार रुपये. पण व्हिसा संपून परत जाण्याआधी ती मला हवी आहे. चाचांनी रायफल खाली काढली नाही.

"पूरा दाम? साहब मुझसे लड़ेगा. सौदा उसका चालू है, दूसरे को कैसे दूँ?"

"मैं दूसरी हूँ क्या?"

"सौदे में तो बीवी भी दूसरी है," ते हसले. "कल एक गोरा दो हज़ार दे रहा था, उसको भी खलास बोल दिया. साहब को आने दो."

काढलीच नाही त्यांनी. खरं सांगितलं असतं तर लगेच दिली असती, कदाचित पंधराशेलाच. ओठापर्यंत आलं होतं. मी कहवा संपवला आणि निघाले.

पुढच्या शुक्रवारी सांगावंच लागेल. पण आज त्या एका दुकानात अविनाश अजून यायचा आहे.