बसचा हॉर्न

लोटे, मंगळवार, १२ ऑगस्ट २००३

मला साखर निघाली. आईलाही होती, शेवटी तिचा पाय कापावा लागला. डॉक्टर म्हणाले, थोडं रक्तातून आलंय, थोडं सवयीतून. रक्ताचं माझ्या हातात नाही. सवयीचं तरी आहे का?

दुपारी मी मुलीबरोबर जेवते. चारला कंपनीच्या बसचा हॉर्न वाजतो, हे पाळीवरून येतात, आणि पुरुषमाणसाला एकट्याने जेवू द्यायचं नाही म्हणून मी पुन्हा भात वाढून घेते. मुलगीही येऊन बसते. लग्न झाल्यापासून हे असंच.

आज हे रजेवर. तिघंही दुपारीच पोटभर जेवलो. आता रात्रीपर्यंत काही खायचं नाही, असं ठरवलं होतं. चारला रस्त्यावर तो हॉर्न वाजला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. पोटात खड्डा पडला. खोटी नव्हती, खरीच भूक होती. मग दुपारचा भात गेला कुठे?

हात मांडीखाली दाबून बसले. हे म्हणाले, "काय गो, थंडी वाजते काय?"

तेवढ्यात मुलीने मांडणीवरची तीन ताटं काढून मांडली.

"आई, वाढ ना. बस आली."

तिचे बाबा तिच्या समोरच बसले होते.