बाईंच्या आवाजाचं वजन

बाई, तुमच्या व्याकरणाच्या कॅसेटी मी यंदा संगणकात उतरवून घेतल्या. संधीपासून अलंकारांपर्यंत सगळ्या. एका फितीला बुरशी लागली होती, ती पुसून चालवावी लागली; बाकीच्या ठीक निघाल्या. संगणक म्हणजे काय हे तुम्हाला सांगत बसत नाही. एवढंच समजा की आता आवाजाला फीत लागत नाही, तो आकड्यांत साठवतात. जितके आकडे जास्त तितका आवाज जड, आणि जड आवाज फोनवरून दूर पाठवताना रस्त्यातच अडकतो. तुमचा एकेक तास फार जड होता. तो हलका करण्याचं काम मी काही आठवडे करत होतो. पेन्शन घेतल्यापासून मला वेळ बराच असतो.

ज्या मुलीसाठी हे केलं ती आपल्याच जिल्ह्यातल्या प्रतापगडाच्या पलीकडच्या एका गावात राहते. तिलाही दिसत नाही. आमच्यासारख्या लोकांचा फोनवर एक गट आहे, त्यात आम्ही एकमेकांना बोलून निरोप पाठवतो; तिथे तिने विचारलं होतं, मराठी व्याकरण वाचून भरलेलं कोणाकडे आहे काय. तिला कारकुनाच्या जागेची परीक्षा द्यायची होती. अभ्यासक्रम बदलतात, पण समास तेच राहतात, म्हणून मला तुमच्या कॅसेटी आठवल्या. अडचण तिच्या फोनची होती. तो भावाने वापरून टाकलेला, आतली जागा भरलेली. घरात नेटवर्क नाही. पाण्याच्या टाकीजवळ उभं राहिलं तर थोडं येतं आणि जातं. पहिला धडा मी होता तसाच पाठवला. तो तिच्यापर्यंत पोहोचलाच नाही. "सर, दोन दिवसांपासून उतरूनच राहिला," ती म्हणाली, "जरा बारका करून पाठवा."

तुमच्या फुलचूरच्या घरातलं स्वयंपाकघर मला अजून पाठ आहे. उजवीकडे ओटा, डावीकडे तांदळाची कोठी, मधे सतरंजी. नवव्या वर्षी तापात माझे डोळे गेले आणि त्यानंतर मी घरीच बसून होतो. तुम्ही आमच्या दारात येऊन वडिलांना म्हणालात, "पोराचे डोळे गेले, कान गेले काय? शाळेत काऊन पाठवत नाही?" वर्गात तुम्ही पुस्तकासारखं बोलायचात, पण रागावलात की गावाकडची बोली बाहेर यायची. वडिलांनी दुसऱ्या दिवशी पाठवलं. दहावीला तुम्ही माझ्या मांडीवर एक टेप आणून ठेवलात. नव्या प्लास्टिकचा वास येत होता. कुठून आणला ते सांगितलं नाहीत, मीही विचारलं नाही. तुमच्या यजमानांचा गाण्यांचा वेगळा टेप होता, त्यावर तुम्ही संध्याकाळी स्वयंपाक करता करता पुस्तकं वाचून भरायचात आणि सकाळी कॅसेट माझ्या दप्तरात टाकायचात. एकदा मी तक्रार केली की मधे कुकरची शिट्टी येते, नियम ऐकू येत नाही. तुम्ही म्हणालात, "मंग घरच्याईले उपाशी ठेवू? शिट्टीच्या मागचं ऐकाले शिक." मला ते लागलं होतं. पण शिकलो.

त्या कॅसेटींत तुम्ही प्रत्येक नियमानंतर विचारता, "समजलं का रे?" आणि थांबता. मी तिथे नाही, मी आमच्या घरी दुसऱ्या दिवशी ऐकणार आहे, तरी थांबता. कढई वाजते, बाहेर कोणीतरी हातपंप हापसतं, लांबून मालगाडी जाते, आणि मग तुम्ही "हं" म्हणून पुढे जाता. मी घरी टेपला "हो बाई" म्हणायचो. आई दुसऱ्या खोलीतून विचारायची, "कोणासंगं बोलून राहिला रे?" पुढे मी बारावीत असताना तुम्ही नागपूरच्या दवाखान्यात गेलात आणि तिथेच वारलात. परीक्षा संपेपर्यंत मला कोणी सांगितलं नाही. त्याबद्दल मी कोणाला बोल लावत नाही. पेपर बरे गेले होते.

आवाज हलका करायचा म्हणजे कानाला ज्याची उणीव भासणार नाही ते काढून टाकायचं. आधी दोन कानांसाठीचे दोन आवाज होते, त्यांचा एक केला. बोलणारं तोंड एकच होतं. मग वरचे बारीक सूर कापले. त्यात तुमच्या बांगड्या गेल्या, फोडणीचा तडतडाट गेला. पुढे असा प्रकार वापरला, जो आवाज जसाच्या तसा ठेवत नाही. घसा, जीभ, ओठ कसे हलले असतील याचा अंदाज ठेवतो आणि पलीकडे त्यावरून पुन्हा बोलून दाखवतो. त्यात कुकरची शिट्टी म्हणजे कोणीतरी लांबून 'ऊ' म्हणाल्यासारखी ऐकू येते. एकेक पायरी खाली उतरत गेलो. "शकट म्हणजे गाडा, सकट म्हणजे सहित," हे तुमचं वाक्य मी कसोटीला घेतलं होतं. एका पायरीवर दोन्ही शब्द सारखेच ऐकू आले. तिथून एक पायरी वर चढलो. तरी मला आणखी हलकं हवं होतं, म्हणून तुमचं थांबणं कापलं. तासातला बराच भाग त्यातच जात होता. कापल्यावर तुम्ही सलग बोलू लागलात. मला ते नीटनेटकं वाटलं.

फाइल पोहोचली. आठवड्याने मुलीचा फोन आला.

"सर, एक विचारू?"

"विचार."

"मॅडम 'समजलं का रे' म्हणते आन मी हो म्हणाच्या आंधीच समोर चालली जाते. एवढी घाई काऊन आहे तिले?"

मी विचारलं, "तू तिला उत्तर देतेस?"

"मंग? विचारून राहिली तं उत्तर नाही देऊ?"

फोन ठेवल्यावर मी एक धडा पुन्हा केला, या वेळी थांबणं न कापता, त्यातले बाकीचे आवाज तेवढे पुसून, आणि दोन्हींचं वजन ताडून पाहिलं. फरक जवळजवळ नव्हता. जिथे कसलाच आवाज नाही तिथे हा प्रकार काही साठवतच नाही. इथे शांत आहे, एवढी खूण ठेवून पुढे जातो. मी जुन्या सवयीने मिनिटं मोजत होतो आणि वजन फक्त आवाजाला होतं. मग सगळे धडे नव्याने केले. तुमची प्रत्येक थांबण्याची जागा होती तिथे परत ठेवली. त्यातला हातपंप आणि फितीची सरसर मात्र पुसावी लागली, कारण त्यांना वजन असतं. त्यामुळे तुम्ही आता विचारता आणि त्यानंतर अगदी निखळ शांतता येते, तुमच्या घरात कधीच नव्हती अशी. मुलीला ते चाललं. "आता बरोबर आहे," एवढंच म्हणाली. टाकीजवळ उभी राहून तिने एकेक धडा उतरवून घेतला आणि जागा करण्यासाठी भावाची गाणी पुसली, त्यावरून घरात भांडणही झालं. परीक्षा तिने लेखनिक घेऊन दिली. निवड झाली. सडक अर्जुनीला एका कचेरीत आहे, रोज कोहमाऱ्याला बस बदलून जाते. मला आनंद झाला, म्हणजे झाला असावा. त्या दिवशी मी दोनदा चहा केला.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून शेवटचं लिहून टाकतो. परवा तिने बसची वाट पाहता पाहता फोन केला होता. म्हणाली, मॅडमले एकदा भेटाले पाहिजे होतं. मी सांगितलं की तुम्ही कधीच वारलात. ती म्हणाली, "आवाजावरून वाटतेच. लय म्हातारी होती ना?" ते माझ्यामुळे झालं आहे. वरचे सूर कापले की आवाज जाड होतो, थकल्यासारखा होतो. मूळ फितीत तुम्ही तरुण आहात, सदतीस-अडतीसच्या. मी आज तुमच्यापेक्षा कितीतरी मोठा आहे आणि अजून बाई म्हणतो. हे तिला सांगता आलं असतं. मी हो म्हणालो. नातवंडं पाहून गेल्या, असंही म्हणालो. ते तिने विचारलं नव्हतं.