समुद्रात धरलेला श्वास

आबा, सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या डाइंग मिलांत तुमच्याबरोबर राबलेले सगळे, आणि त्यांची माझ्यासारखी पोरं, आपलं गाऱ्हाणं एकच आहे. आपल्याला श्वास घ्यायला कोणी शिकवलं नाही. धरायला शिकवलं. खाडीच्या पुलावर धर, बॉयलरच्या मागून जाताना धर, रसायनांची पिंपं उघडली की धर. मी कामगारांच्या सभेत हे असंच सुरू करतो आणि लोक माना डोलावतात, कारण प्रत्येकाला आपापली जागा आठवते, जिथे त्याने लहानपणी गाल फुगवून धूम ठोकली होती. आज समोर कोणी नाही. दुपारची वेळ आहे, तुमची सून बहिणीकडे गेली आहे, आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तुम्हाला लिहितो आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला आता तुमचा खोकला आधी आठवावा लागतो.

दिवाळीत मिला बंद असतात तेव्हा आपली माणसं गावाकडे जातात, हे तुमच्या वेळेसारखंच आहे. यंदा मात्र आमच्या सोसायटीच्या मंडळाने मालवणला बस काढली. खरं कारण तुमची नात. तिला समुद्राखाली जायचं होतं. पाठीवर हवेची टाकी बांधायची, तोंडात नळी धरायची, आणि खाली जाऊन मासे बघायचे. तुम्ही आम्हाला एकदा डुमसला नेलं होतं, आठवतं? काळी रेती, गढूळ पाणी, आणि तुम्ही कमरेवर हात ठेवून म्हणालात, "इतलं पानी, आन पेवाले थेंब नई." तेवढाच आपला समुद्र. पोरीने मोबाइलवर निळं पाणी दाखवलं आणि म्हणाली, "पप्पा, चालो ने. तुम्ही पण उतरायचं. स्टेजवर तर कोणाला घाबरत नाही." मी हसलो. मी खरंच कोणाला घाबरत नाही, असं मला वाटत होतं.

सकाळी जेटीवर गेलो. नावेवरचा पाणबुडा चाळिशीचा, अंगाने पैलवान, डोळ्यांवर निळा गॉगल आणि तोंड अखंड चालू. आपल्या लोकांनी बसमध्येच खमण आणि फाफडा हाणला होता. ते कळल्यावर त्याने कपाळाला हात लावला. "अहो, पोटभर खाऊन पाण्यात उतरायचं नसतं! आता खाली गेल्यावर माशांना खमण मिळणार." सगळे खो खो हसले. मग तो काळा रबरी पोशाख. तो अंगात चढवताना दोघांनी मला धरलं, तिसऱ्याने मागून चेन ओढली, आणि आपल्या शेजारचा, कापड रंगवायच्या जेट मशीनवरचा ऑपरेटर, ओरडला, "भाऊ, पुढच्या सभेला असेच या! मालक बघूनच पगार वाढवतील." मीही त्याला टोला हाणला. मजेत होतो, आबा. सगळे माझेच श्रोते होते. बारा महिने सतरंज्यांवर बसून ऐकणारी माणसं आज नावेत होती, एवढाच काय तो फरक.

मग पाणबुड्याने शिकवलं. मुखवट्याच्या काचेला आतून थुंकी लावायची, म्हणजे वाफ धरत नाही. कान दुखले की नाक दाबून हवा सोडायची. खाली बोलता येत नाही, म्हणून हाताच्या खुणा. तो स्वतः मागून टाकी धरून राहणार, आपण फक्त तरंगायचं. शेवटी त्याने गॉगल काढला, आणि बोलता बोलता त्याची मालवणी वर आली. "एकच गोष्ट ध्यानात ठेवा. श्वास धरूचो नाय. तोंडान घेवचो, तोंडान सोडूचो. कायव झाला तरी धरूचो नाय." नावेच्या शिडीला धरून उथळ पाण्यात त्याने माझ्याकडून तेवढं करूनही घेतलं. माझ्या कानापाशी बुडबुडे खळखळले. सोपं होतं.

आता तुम्ही मला सोडून जाऊ नका, इथे माझ्याबरोबर खाली या. पाणी डोक्यावरून मिटलं आणि नाकातोंडात रबराचा वास भरला. तो वास मला ओळखीचा वाटला. क्षणात मी तुमचा डबा घेऊन मिलच्या फाटकात उभा आहे. आईने फडक्यात कळण्याची भाकरी बांधली आहे, वॉचमनने मान हलवून आत सोडलं आहे, आणि समोर पिंपांची शेड आहे. शेडच्या पलीकडे मागच्या दारात तुम्ही उभे. मधला सगळा पट्टा रंग उडवायच्या हायड्रो पावडरीच्या घाण वासाचा. तुम्ही पहिल्या दिवशी सांगून ठेवलं होतं, "श्वास धर, आन पय." मी गाल फुगवतो आणि पळतो. तुम्ही खांद्यावरचा रुमाल काढून हातात धरलेला असतो, मिलमध्ये त्या दिवशी जो रंग चालू असेल त्याच रंगाचा झालेला, कधी जांभळा, कधी मेंदी. मी शेड ओलांडली की तुम्ही तो हवेत हलवता. "आते सोड!" मग मी श्वास सोडतो आणि तुम्ही माझ्या फुगलेल्या गालांना हसता. एकदा मी मध्येच "आबा!" म्हणून हाक मारली होती. घशात आग गेली. तुम्ही धावत येऊन मला उचललंत, पाठीवर थापट्या मारल्यात आणि थरथरत रागावलात, "आठे तोंड उघडू नको! काय वाट्टेल ते होवो, आठे उघडू नको."

मालवणच्या पाण्यात मी तोंड उघडलं नाही, आबा. श्वास धरला. धरतोय हे मला कळलंसुद्धा नाही. छाती गच्च भरली, पाणबुडा समोर येऊन हाताने सोड, सोड अशी खूण करत होता, आणि मी शेडचं दुसरं टोक शोधत होतो. समोर निळं होतं सगळं. कोणी रुमाल हलवत नव्हतं. मग मी नळीच थुंकली आणि समुद्र प्यालो. त्याने ती परत माझ्या तोंडात कोंबली, मला दंडाला धरलं आणि घाई न करता वर आणलं.

इथपर्यंत शरमेचं काही नाही. घाबरलेल्या माणसाला कोणी हसत नाही, आणि हसले असते तरी मी मेलो नसतो. पुढचं ऐका.

मला नावेत ओढून घेतलं तेव्हा सगळे वाकून बघत होते. माझ्या नाकातून शेंबूड लोंबत होता. ऑपरेटर म्हणाला, "भाऊ, काय झालं?" त्याच्या आवाजात काळजी होती; मला तीत कीव ऐकू आली. मी म्हणालो, "हवाच येत नव्हती!" हे पहिलं वाक्य घाबरलेल्या माणसाचं होतं. ते त्याला माफ करा. पण त्या वाक्यावर सगळ्यांचे चेहरे बदलले, कीव गेली आणि राग आला, आणि तो राग बघून माझ्यात तो दुसरा माणूस उठला ज्याला तुम्ही कधी पाहिलं नाही. पुढची सगळी वाक्यं त्याची होती. मी ओल्या रबरात उभा राहिलो आणि बोललो. गरिबाच्या जिवाची किंमत काय, असं विचारलं. सडकी नळी, गंजकी टाकी, म्हणालो. पाणबुडा म्हणाला, "साहेब, थांबा, हे बघा," आणि त्याने तीच नळी स्वतःच्या तोंडात धरून श्वास घेतला. हवा सूं सूं करत आली, सगळ्यांनी ऐकली. तेव्हा तरी मी थांबायला हवं होतं. मी म्हणालो, "आता येणारच! तपासणीवाले आले की मिलमध्येही बंद पंखे फिरतात!"

टाळ्या पडल्या. आबा, त्या टाळ्यांसाठी मी ते वाक्य बोललो. बोलण्याआधी मला माहीत होतं की टाळ्या पडतील. तुमच्या मिलचे बंद पंखे मी उचलले आणि अशा माणसाच्या डोक्यात घातले ज्याने मला नुकतंच पाण्यातून वर आणलं होतं. तो काहीतरी म्हणत होता, हात हलवत होता, "धरलेनी तेनी! श्वास धरलेनी!" असं काहीसं; माझा आवाज मोठा होता. मला माईकची गरज पडत नाही, याचा मला अभिमान आहे. होता.

कोणी उतरेना. तेव्हा तुमची नात उठली. तिने कोणाकडे पाहिलं नाही. तीच टाकी पाठीवर घेतली, तीच नळी तोंडात धरली आणि शिडीवरून पाण्यात गेली. मी "थांब" म्हणालो, तोवर ती पाण्याखाली गेली होती. मी कठड्याला धरून पाण्याकडे बघत राहिलो. बुडबुडे येत होते. थोडं थांबून पुन्हा, थोडं थांबून पुन्हा, झोपलेल्या मुलाच्या छातीसारखे. ती वर आली तेव्हा तिचे डोळे चमकत होते. पाणबुड्याला म्हणाली, "काका, पट्ट्यापट्ट्यांचे मासे अगदी नाकापाशी आले होते." त्याने फक्त मान हलवली आणि टाकीचा पट्टा सोडवला. सकाळपासून बडबडणारा माणूस जेटीपर्यंत आमच्याकडे पाठ करून टाक्या बांधत बसला. आपल्यातलं कोणीतरी म्हणालं, "पोरगी नशीबवान." बाकीचे तसेच कोरडे परतले.

जेवायला बसण्याआधी तिने मला बाजूला घेतलं. "पप्पा, तुम्ही खाली होतात तेव्हा बुडबुडे येत नव्हते. मी वरून बघत होते. वर येताना आले, त्याआधी नाही."

मी म्हणालो, "तुला काय कळतं?"

"श्वास सोडला की बुडबुडे येतात. एवढं कळतं." मग हळूच म्हणाली, "शेडची गोष्ट तुम्ही प्रत्येक सभेत सांगता ना? आबांची? तशीच सांगायची होती तिथे. कोणी हसलं नसतं."

खरं आहे. ती गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की लोक तिची वाट बघतात. एवढी लांब वाक्यं एका दमात कशी बोलता, असं कोणी विचारलं की मी छाती पुढे काढून सांगतो, हे माझ्या बापाने मिलमध्ये शिकवलं. तुमच्या भीतीचं मी भांडवल केलं. आणि जिथे ती गोष्ट एका माणसाची अब्रू वाचवू शकली असती, तिथे ती माझ्या तोंडून निघाली नाही.

नावेतल्या एकाने ते भाषण मोबाइलवर घेतलं होतं. आता ते पांडेसऱ्यात, शेजारच्या सचिन वसाहतीत, पार चलथाणपर्यंत फिरतं आहे. चहाच्या गाड्यावर लोक मला थांबवतात, "भाऊ, मालवणलाही वाजवलं म्हणे!" मी हसतो. एका तरुणाने त्याखाली लिहिलं की असल्या नाववाल्यांना पाण्यातच बुडवलं पाहिजे. त्या भाषणात त्या माणसाचा चेहरा स्पष्ट दिसतो, आबा. हातात नळी धरून तो बोलायचा प्रयत्न करतो आहे आणि माझ्या आवाजाखाली त्याचे फक्त ओठ हलताहेत. तुम्ही सुपरवायझरसमोर उभे असायचात तेव्हा असेच दिसायचात. पोरीने मला सांगितलं आहे, "रविवारच्या सभेत खरं बोला, नाहीतर मी यापुढे तुमच्या सभेला येणार नाही." ती चिडून बोलली असती तर मी भांडलो असतो. ती भाजी निवडत बोलली.

उद्या रविवार आहे. मैदानात सतरंज्या पडल्या आहेत. लोक मालवणचा किस्सा मागणार, आणि मी ठरवलं आहे की सगळा सांगायचा, बुडबुड्यांपर्यंत, आणि तिथूनच त्या माणसाला फोन लावून सगळ्यांदेखत माफी मागायची. ठरवलं आहे असं लिहिलं, पण एक कबूल करतो. सकाळपासून दोनदा मी त्याचा नंबर काढला आणि दोन्ही वेळा फोन टेबलावर पालथा ठेवला. भरल्या मैदानात गर्जणाऱ्या तुमच्या मुलाला एका माणसाशी खरं बोलायचं धाडस होत नाही. फोन हातात घेतला की माझे गाल आपोआप फुगतात. हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्न नाही. ते इथेच, डब्यांच्या फळीवर कागदाखाली राहील.

तुम्ही मला धर म्हणालात, ते बरोबर होतं. शेड तशीच होती. पण शेड कधीच मागे पडली आणि मी अजून पळतोच आहे. उद्या मी सभेसमोर उभा राहीन तेव्हा मैदानाच्या पार टोकाला, जिथून मला दिसाल तिथे, उभे राहा आबा. कुठल्याही रंगाचा चालेल. रुमाल हलवा.